एकविसाव्या अक्षांशावरचा सूर्य

तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि तिच्या खोऱ्यातला खानदेशही तसाच आडवा पसरलेला आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग अशा दोन भिंतींमधल्या या पट्ट्यातली मोठी गावे नकाशावर जवळजवळ एका ओळीत येतात. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. त्या मापाने धुळ्याचा अक्षांश २० अंश ५४ कला, जळगावचा २१ अंश १ कला, तर भुसावळ आणि मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) या दोन्ही ठिकाणांचा सुमारे २१ अंश ३ कला भरतो. मुक्ताईनगराच्या सरळ पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद आहे, तेही याच अक्षांशावर. त्यामुळे एखाद्या दिवशी सूर्य माध्यान्ही किती उंच चढेल, दिवस किती तासांचा होईल, क्षितिजाच्या कोणत्या बिंदूतून सूर्य उगवेल, या प्रश्नांची उत्तरे या साऱ्या गावांना जवळजवळ सारखीच लागू पडतात. फरक पडतो तो फक्त वेळेचा. सूर्याचे आकाशातले स्थान आणि पाहणाऱ्याचे पृथ्वीवरचे स्थान यांचे नाते समजून घेण्यासाठी इतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात दुसरा क्वचितच सापडेल.

हे नाते भारतीय ज्योतिषग्रंथांनी तीन प्रश्नांच्या रूपात मांडले होते. सिद्धांतग्रंथांत ‘त्रिप्रश्नाधिकार’ नावाचे एक प्रकरण असते आणि दिक्, देश व काल, म्हणजे दिशा कोणती, ठिकाण कोणते आणि वेळ कोणती, हे ते तीन प्रश्न होत. तिन्हींची उत्तरे एका उभ्या काठीच्या सावलीवरून काढावयाची असत. या काठीला शंकू म्हणत, तिची उंची १२ अंगुळे मानण्याचा प्रघात होता आणि साधन इतके साधे असूनही त्यातून मिळणारी उत्तरे आजच्या शाळकरी कोनमापकाच्या तोडीची असत.

सूर्याचे स्थान सांगण्यासाठी आकाशात दोन मापे पुरतात. क्षितिजापासून सूर्य जितके अंश वर असेल तितके त्याचे उन्नतांश, आणि उत्तर बिंदूपासून पूर्वेकडून मोजत गेल्यास तो क्षितिजाच्या ज्या बिंदूच्या वर दिसतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे त्याचे दिगंश. डोक्यावरच्या नेमक्या बिंदूला खमध्य म्हणतात. सूर्य खमध्यापासून जितका ढळलेला असेल तितके त्याचे नतांश, म्हणजे उन्नतांश आणि नतांश मिळून नेहमी ९० होतात. उत्तर बिंदू, खमध्य आणि दक्षिण बिंदू यांतून जाणारे कल्पित वर्तुळ ते याम्योत्तर वृत्त. सूर्य रोज एकदा ते ओलांडतो आणि तोच त्या ठिकाणचा खरा माध्यान्ह असतो, मग हातावरचे घड्याळ काहीही दाखवो. या आकाशीय मापांना पृथ्वीशी जोडणारा दुवा म्हणजे ध्रुव. ज्या ठिकाणचा जो अक्षांश, तितकाच उंच तिथे आकाशाचा उत्तर ध्रुव दिसतो. मुक्ताईनगरातून रात्री उत्तरेकडे पाहिले तर सातपुड्याच्या दिशेला, क्षितिजापासून २१ अंशांच्या आसपास ध्रुवतारा स्थिर दिसतो आणि सूर्याचा रोजचा मार्गही याच अक्षाभोवती फिरत असल्याने तो क्षितिजाशी काटकोनात न राहता दक्षिणेकडे २१ अंशांनी कलतो.

उरते ते सूर्याचे वर्षभराचे उत्तर-दक्षिण सरकणे. पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या पातळीला लंब नसून सुमारे २३.४४ अंशांनी कललेला आहे, म्हणून सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या कधी उत्तरेला तर कधी दक्षिणेला दिसतो. या अंतराला क्रांती म्हणतात. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या आसपास क्रांती शून्य असते, २१ जूनच्या सुमारास ती उत्तरेला २३.४४ अंश आणि २१-२२ डिसेंबरला दक्षिणेला तितकीच होते. सिद्धांतग्रंथ परमक्रांती २४ अंश धरीत. हा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कमी होत असल्याने प्राचीन काळी तो आजच्यापेक्षा किंचित जास्त होताच, परंतु २४ हा आकडा त्या किंचित फरकाने समर्थनीय ठरत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांक घेतला गेला, असे मानणेच अधिक सयुक्तिक.

आता माध्यान्हीचा नियम एका वजाबाकीत सांगता येतो. अक्षांशातून क्रांती वजा केली की त्या दिवशी माध्यान्हीच्या सूर्याचे नतांश मिळतात. विषुवदिनी क्रांती शून्य, म्हणून मुक्ताईनगरात सूर्य खमध्यापासून २१ अंश दक्षिणेला आणि क्षितिजापासून ६९ अंश उंच असतो. २१ डिसेंबरला नतांश साडेचव्वेचाळीस होतात आणि सूर्य जेमतेम साडेपंचेचाळीस अंश चढतो. पंचेचाळीस अंशांच्या कोनात वस्तूची उंची आणि सावलीची लांबी सारखी असते, त्यामुळे या दिवशी तापीकाठच्या कोणत्याही विजेच्या खांबाची माध्यान्हीची सावली जवळपास खांबाइतकीच लांब पडते. एक मीटर काठीची सावली त्या दिवशी सुमारे ९८ सेंटिमीटर, विषुवदिनी साडेअडतीस सेंटिमीटर आणि २१ जूनला अवघी ४ सेंटिमीटर भरते. शेवटच्या आकड्यात एक गोम आहे: ती चार सेंटिमीटरची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. तिच्याकडे पुढे वळू.

प्रयोग करून पाहणाऱ्याने गच्चीवरची सपाट जागा पाणसळीने तपासून घ्यावी, ओळंब्याने काठी नेमकी उभी करावी आणि तिच्या बुंध्याभोवती दोरीने खडूचे एक वर्तुळ काढावे. सकाळी सावली लांब असते, ती आखडत जाताना तिचे टोक एका क्षणी वर्तुळ ओलांडून आत येते; दुपारनंतर ती वाढताना टोक पुन्हा वर्तुळाबाहेर पडते. हे दोन्ही छेदबिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काठीच्या बुंध्यातून काढलेला लंब म्हणजे दक्षिणोत्तर रेषा. होकायंत्राचा काटा चुंबकीय उत्तर दाखवतो, ही रेषा खरी उत्तर दाखवते. सकाळ आणि दुपार यांच्या मधल्या काळात क्रांती थोडी बदलते, म्हणून रेषेत बारीकशी चूक राहते. विषुवदिनांच्या आसपास क्रांती सर्वांत वेगाने बदलत असल्याने ही चूक तेव्हा सर्वांत मोठी असते आणि मध्ययुगीन सिद्धांतकारांना ती ठाऊक होती, त्यासाठी त्यांनी संस्कारही सांगितला आहे. विषुवदिनी आणखी एक गोष्ट डोळ्यांदेखत घडते. इतर दिवशी सावलीचे टोक जमिनीवर वक्ररेषा काढते, पण त्या दिवशी ते पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सरकते.

विषुवदिनी माध्यान्ही १२ अंगुळी शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात आणि पंचांगकर्त्यांच्या दृष्टीने एखाद्या गावाची पलभा हीच त्या गावाची ओळख असे. मुक्ताईनगराची पलभा ४.६ अंगुळे येते, उज्जैनची ५.१. पलभेला बाराने भागले की अक्षांशाची स्पर्शज्या, म्हणजे शाळेतल्या त्रिकोणमितीतली ‘टॅन’, हाती येते आणि तिच्यावरून अक्षांश. दोन गावांचे अक्षांश असे सावलीवरून काढले आणि त्यांच्यामधले अंतर ठाऊक असले तर पृथ्वीचा घेरही निघतो. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केले. महाराष्ट्रात या प्रयोगासाठी नंदुरबार आणि कोल्हापूर ही जोडी नामी आहे, कारण दोहोंचा रेखांश ७४ अंश १४-१५ कला, म्हणजे दोन्हीकडे माध्यान्ह एकाच क्षणी होतो, आणि अक्षांशांत मात्र ४ अंश ४० कलांचा फरक आहे. सरळ रेषेतले अंतर सुमारे ५२० किलोमीटर धरले तर पूर्ण ३६० अंशांना ४० हजार किलोमीटर येतात आणि पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

हे शास्त्र खानदेशाला परके नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील, म्हणजे आज पाटणादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरातील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. लेखाचा शक ११२८, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा काळ. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, मठाला दान देणारे निकुंभ घराणे यादवांचे मांडलिक होते आणि लेखाच्या शेवटच्या भागात दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा (इ.स. १११४) आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ची रचना इ.स. ११५०ची, त्याच्या गणिताध्यायात त्रिप्रश्नाधिकार येतो, म्हणजे पाटण्याच्या मठात शंकू आणि पलभा हे नित्याचे पाठ असणार. मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरचे चांगदेव हे गाव मात्र या ज्योतिषी चांगदेवाचे नव्हे; ते मुक्ताबाईंचे शिष्य मानले गेलेले योगी चांगदेव यांच्या नावाचे आहे. एका प्रदेशात एकाच शतकाच्या अंतराने दोन चांगदेव झाल्यामुळे होणारी गल्लत अजूनही ऐकू येते.

सिद्धांतांमधली मूळ दक्षिणोत्तर रेषा लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांमधून जाणारी मानली जाते आणि इतर गावांची वेळ तिच्यापासून किती पुढे-मागे, हे ‘देशांतर’ म्हणून सांगितले जाते. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला आणि भुसावळचाही जवळजवळ तोच, त्यामुळे ही जुनी मध्यरेषा भुसावळवरूनच जाते असे म्हणण्यास हरकत नाही; मुक्ताईनगर तिच्या पूर्वेला पाऊण अंशाहूनही बरेच कमी, सुमारे १७ कला आहे. उज्जैनसाठी केलेले वेळेचे गणित भुसावळच्या ज्योतिष्याला जवळपास जसेच्या तसे वापरता येत असे.

सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य वर्षातून दोनच दिवस खरे असते. मुक्ताईनगरात २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्व बिंदूच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला, म्हणजे क्षितिजावर त्याची ये-जा ५० अंशांच्या पट्ट्यात चालते. हिवाळ्यात अजिंठ्याच्या बाजूला झुकलेला उगवता सूर्य उन्हाळ्यात सातपुड्याच्या बाजूला सरकतो. उगवत्या सूर्याकडे तोंड करून दिशा ठरवण्याची जी रीत शाळेत शिकवली जाते ती म्हणूनच मे-जूनमध्ये आणि डिसेंबर-जानेवारीत चांगलीच फसवते, आणि तिच्या भरवशावर घराचा दरवाजा पूर्वाभिमुख केला तर तो आग्नेयेकडे किंवा ईशान्येकडे अर्धा वळलेला असू शकतो. दिवसाच्या लांबीवरही याच सरकण्याचा परिणाम होतो. २१ जूनला मुक्ताईनगरात दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो आणि २१ डिसेंबरला १० तास ५१ मिनिटांचा. या दोन्ही आकड्यांत वातावरणाचा हातभार आहे: क्षितिजाशी हवेतून येणारे किरण अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वाकतात आणि सूर्याचे बिंबही साधारण अर्ध्या अंशाचे आहे, त्यामुळे मावळतीला बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने सूर्य जवळजवळ संपूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो.

आता त्या दक्षिणेला पडणाऱ्या सावलीकडे. कर्कवृत्त मुक्ताईनगराच्या उत्तरेला सुमारे २६५ किलोमीटरवर, उज्जैनच्याही पलीकडून जाते. म्हणजे सारा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधात येतो. ज्या दिवशी सूर्याची उत्तर क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी होते त्या दिवशी नतांश शून्य होतात, माध्यान्हीचा सूर्य बरोबर खमध्यात येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच सामावते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. महाराष्ट्रात तो सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि सातपुड्याच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचायला मे संपतो; मुक्ताईनगर, भुसावळ आणि जळगाव यांना तो २५-२६ मे रोजी मिळतो. परतीच्या वाटेवर सूर्य १७-१८ जुलैला पुन्हा त्याच क्रांतीवर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते, म्हणून दुसरा शून्य सावली दिवस खानदेशात बहुधा कुणाला दिसतच नाही. सूर्य बिंदू नसून बिंब असल्याने ‘शून्य’ हा शब्दही थोडा सैल घ्यावा लागतो; आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचा फरक साध्या डोळ्यांना जाणवत नाही.

या दोन तारखांमधल्या सुमारे ५३ दिवसांत मुक्ताईनगराच्या आकाशात जे घडते ते पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकी वर्णनात सहसा येत नाही. या काळात सूर्य उत्तरेला उगवतो, उत्तरेला राहूनच माध्यान्ह गाठतो आणि उत्तरेलाच मावळतो. दिवसभरात एकदाही तो आकाशाच्या दक्षिण अर्ध्या भागात येत नाही. घराच्या ज्या उत्तर भिंतीवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही, तिच्यावर जूनमध्ये दिवसभर तिरपे ऊन येते. सावली फिरण्याची तऱ्हाही बदलते. २१ जूनच्या सकाळी काठीची सावली नैर्ऋत्येच्या थोडी पश्चिमेला असते आणि सूर्य वर चढताना ती पश्चिमेकडे वळत जाते. साडेदहा वाजून गेल्यावर ती थबकते आणि मग उलट फिरून, वेगाने आखडत, माध्यान्हीला नेमक्या दक्षिणेला येते. दुपारनंतर हाच खेळ आग्नेय-पूर्वेला होतो. याचे कारण असे की सूर्याचा मार्ग खमध्याच्या उत्तरेने जातो, म्हणून त्याचे दिगंश आधी ६५वरून ७९पर्यंत वाढतात आणि तिथून मागे फिरून शून्याकडे, म्हणजे उत्तर बिंदूकडे, येतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्यांना सावलीचे हे मागे फिरणे कधीच दिसत नाही; दिल्लीकर त्याला मुकले आहेत.

कोणत्याही क्षणी पृथ्वीवर एकच ठिकाण असे असते जिथे सूर्य बरोबर डोक्यावर असतो. हा बिंदू पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे धावतो आणि एकविसाव्या अक्षांशावर त्याची चाल मिनिटाला सुमारे २६ किलोमीटर पडते. २६ मेच्या सुमारास तो दुपारी १२ वाजून २३ मिनिटांनी मुक्ताईनगराजवळून जातो, मिनिटभरात भुसावळ गाठतो, मग जळगाव आणि धुळ्याच्या आसपासचा मुलूख ओलांडून सुरतेच्या बाजूने अरबी समुद्रात उतरतो. त्याच अक्षांशपट्ट्यात समुद्रापलीकडे मक्का आहे, २१ अंश २५ कलांवर, म्हणजे मुक्ताईनगराहून थोडीच उत्तरेला. म्हणून दरवर्षी २८ मेच्या सुमारास, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा येतो. त्या क्षणी खानदेशातल्या कोणत्याही अंगणात काठी उभी केली तर सूर्याची बाजू म्हणजेच मक्केची दिशा. नमाजाची दिशा, म्हणजे किब्ला, तपासण्याची ही पद्धत मुस्लिम ज्योतिर्विदांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि आजही ती वापरली जाते.

शेतकऱ्याच्या नक्षत्रपंचांगात २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत प्रवेश करतो आणि विदर्भासह तापीकाठीही ज्याला नवतपा म्हणतात ते नऊ दिवस सुरू होतात. खानदेशात ही तारीख शून्य सावलीच्या तारखेशी जुळते, पण जुळणी योगायोगाची आहे. शून्य सावली क्रांतीवर ठरते, नक्षत्रप्रवेश ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य असतो तो बिंदू, ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो आणि साधारण ७१-७२ वर्षांत नक्षत्रांच्या तारखा ऋतूंपेक्षा एका दिवसाने पुढे जातात. रोहिणी, मृग यांच्या पावसाचे ठोकताळे म्हणूनच कायमचे मानता येत नाहीत.

संक्रांतीचेही तेच. उत्तरायण, म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे वळणे, २१-२२ डिसेंबरला होते, तर मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. हा सुमारे २४ दिवसांचा फरक काढून टाकून सण ऋतूंशी जोडावेत, अशी भूमिका घेणाऱ्या सायनवाद्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथाचे हे कर्ते शिक्षकी पेशात असताना काही वर्षे धुळ्यातही होते. सणांच्या बाबतीत लोकांनी त्यांचे ऐकले नाही. २२ मार्च १९५७पासून सुरू झालेली भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र ऋतूंशी जोडलेली, सायनच आहे. तरीही संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो या समजुतीला खानदेशापुरता एक आधार आहे, आणि तो घड्याळात दडलेला आहे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासून लागू झाली आणि ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटे, जुन्या मापाने दहा पळे, घेतो. मुक्ताईनगर ७६ अंश ३ कलांवर असल्याने तिथला सरासरी माध्यान्ह घड्याळात १२ वाजून २६ मिनिटांनी होतो. जळगाव जामोद आणि जळगाव शहर यांत जेमतेम एका अंशाचे अंतर आहे, म्हणजे सूर्य एका जळगावाहून दुसऱ्या जळगावावर यायला चार मिनिटांना थोडा कमी वेळ लावतो. पण १२ वाजून २६ मिनिटे ही वेळ वर्षभर टिकत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तिचा वेग कमीजास्त होतो आणि अक्ष कललेला असल्याने सूर्याची पूर्वेकडची चालही एकसारखी राहत नाही. या दोन कारणांनी सूर्य सरासरी घड्याळाच्या पुढे-मागे होतो, त्यालाच पंचांगात वेलांतर म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुक्ताईनगरचा माध्यान्ह १२ वाजून ९-१० मिनिटांनी होतो, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत लांबतो.

या लांबण्याचा परिणाम थंडीत दिसतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला तरी सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, पावणेसहाच्या जरा आधी. डिसेंबर उलटल्यावर दिवस वाढू लागतो, पण माध्यान्हच पुढे ढकलला जात असल्याने सूर्योदय उशिरा-उशिरा होतच राहतो आणि १५ जानेवारीच्या आसपास, सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, तो आपली सीमा गाठतो. तिथून पुढे सकाळ लवकर होऊ लागते. म्हणजे आजच्या काळात आणि या अक्षांशावर, पहाटे उठणाऱ्याला दिवस पालटल्याचे जाणवते ते नेमके संक्रांतीच्या सुमारास. उत्तरेकडच्या प्रदेशांत ही तारीख डिसेंबरअखेरीकडे सरकते, त्यामुळे पंजाबात हा अनुभव असा येणार नाही.

सूर्य उंच असणे आणि ऊन तापणे यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. एप्रिलच्या विसाव्या तारखेपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुक्ताईनगरचा माध्यान्हीचा सूर्य खमध्यापासून दहा अंशांच्या आतच असतो आणि एवढ्या कलाने सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा जोर दीड टक्क्यापेक्षा जास्त घटत नाही. तरी भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तो मे महिन्यात आणि जुलैत, सूर्य पुन्हा डोक्यावर आलेला असताना, तो कितीतरी खाली असतो. मेमध्ये निरभ्र आकाशातून आलेली सारी उष्णता कोरडी काळी जमीन हवेला देते. पावसाळी ढग तीच उष्णता वाटेत अडवतात आणि ओली जमीन उरलेली बाष्पीभवनात खर्च करते. डिसेंबरात मात्र कोनाचा हिशेब उघड दिसतो: सूर्य साडेपंचेचाळीस अंशांवर असताना सपाट जमिनीला माथ्यावरच्या उन्हाच्या ७१ टक्केच ऊन मिळते, आणि तेही पावणेअकरा तासांच्या दिवसात.

हाच कोन साधण्यासाठी सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाइतके, म्हणजे खानदेशात सुमारे २१ अंश, कलते बसवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, आणि गावोगाव शेतपंपांसाठी पॅनेले दिसतात. अक्षांशाइतका कल दिला की विषुवदिनी माध्यान्हीचे किरण पॅनेलवर काटकोनात पडतात, डिसेंबरात तेवीस-चोवीस अंशांनी तिरपे आणि जूनमध्ये तितकेच, पण उलट बाजूने तिरपे. जूनच्या सकाळी व सायंकाळी, सूर्य पूर्व-पश्चिम रेषेच्या बराच उत्तरेला असताना, अशा पॅनेलच्या पाठीवर ऊन पडते आणि तोंड सावलीत राहते. कल बदलता येण्याजोग्या चौकटीवर पॅनेल बसवणाऱ्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात ते जवळजवळ आडवे करावे आणि दिवाळीनंतर पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत उभे करावे, एवढ्याने वर्षाचे उत्पादन काही टक्क्यांनी वाढते. मधल्या पावसाळी महिन्यांत ढगांमुळे ऊन चारही बाजूंनी पसरून येत असल्याने कलाचा फारसा फरक पडत नाही.